'मिलिंद' या नावाविषयी

माझे नाव मिलिंद. सहावीत असताना गुरुजी एकेकाच्या नावाचा अर्थ सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "मिलिंद म्हणजे भुंगा." वर्ग हसला. घरी येऊन बापाला विचारले. जन्मभर हमाली केलेला, 'कचरू' या नावाने हाका ऐकत आलेला माझा बाप म्हणाला, "आपला मिलिंद राजा व्हता. भिक्खूला सवाल इचारणारा." हे त्याने विहारात ऐकले होते.

दोघांचेही खरे होते. संस्कृत कोशात 'मिलिंद' म्हणजे भ्रमर, आणि पांढरपेशा घरांतही हे नाव आढळते. आपल्या वस्तीतला मिलिंद मात्र दुसऱ्या वाटेने आला. ती वाट ग्रीसपासून निघते.

मूळ नाव 'मेनान्द्रोस'. त्यातल्या उत्तरार्धाचा अर्थ पुरुष. अथेन्सच्या एका प्रसिद्ध नाटककाराचेही हेच नाव होते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात या नावाचा यवन राजा वायव्य भारतावर राज्य करीत होता. त्याची राजधानी सागल. ते आजच्या पाकिस्तानातील सियालकोट असावे, असे अभ्यासक मानतात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे आहेत, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृतातले 'मेनंद्रस', म्हणजे मेनंद्राचे. पालीत 'न'चा 'ल' झाला, शेवट 'इंद' या परिचित शब्दाकडे झुकला आणि 'मिलिंद' तयार झाले. चिनी भाषांतरात ते 'मिलान' झाले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाचे नाव इथल्या लोकभाषेने असे आपलेसे केले.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. त्याची सुरुवातच नावापासून होते. राजा नाव विचारतो. भिक्खू सांगतो, मला नागसेन म्हणतात, पण ती केवळ हाक मारण्याची सोय आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सर्व भाग जुळले की आपण त्याला रथ म्हणतो, तसेच माणसाचे. पुढे नागसेन अट घालतो : पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडित वादात हरला तरी रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला दंड देतो. मिलिंदाने ही अट मान्य केली. त्याचे मोठेपण मला इथे दिसते.

याउलट मनुस्मृतीचा दुसरा अध्याय पाहावा. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असा तिथे दंडक आहे. मूल जगावे म्हणून कचरू, दगडू अशी नावे इतर जातींतही ठेवीत, हे मान्य. पण माझ्या बापाच्या नावात गावाला नवस दिसला नाही. त्याची पायरी दिसली.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंदाचे नाव दिले. परिसर नागसेनवन झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, आनंद यांच्याबरोबर मिलिंदही आपल्या घराघरांत आला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईबापांनी मुलाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले.

आज मी महाविद्यालयात शिकवतो. नवा सहकारी नाव विचारतो. मी "मिलिंद" म्हणतो. तो थांबतो आणि विचारतो, "पुढे?" नाव ही केवळ हाक मारण्याची सोय आहे, हे नागसेनाचे म्हणणे या देशाने अजून मानलेले नाही. भुंग्याचा मिलिंद की राजाचा, हे त्याला आडनावावरून ठरवायचे असते.

मी आडनाव सांगतो. मग मीही त्याला विचारतो, "हे कशासाठी विचारलेत?" बापाने नाव ठेवले आहे, ते चालवायला नको का?