भेंडीचा ठसा

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि उमरखेडचे रस्ते एकत्र येतात. गाड्या इथं खिचडीसाठी थांबतात, मीही थांबले होते. पोळ्याचा दिवस होता. समोरून एक पांढरा बैल गेला. त्याच्या अंगावर पाच पाकळ्यांची निळी फुलं इतकी रेखीव उमटली होती, की मी ताट सोडून त्याच्या मागं गेले.

शेतातल्या आखाड्यावर एक मामा जोडीतला दुसरा बैल सजवत होते. धुणं, शिंगं रंगवणं उरकलं होतं. ताटलीत घट्ट कालवलेली नीळ, हातात आडवी चिरलेली भेंडी.

“निबर पाहिजे, ताई. कवळी दबती. एका अंगाला 11, दुसऱ्या अंगाला 11.”

भेंडीचा गर रंग घेतो, बियांची घरं कोरी राहतात. चित्रकलेच्या महाविद्यालयात लाकूड कोरून छापायला शिकवतात ते हेच. पण लाकूडठशाखालचा कागद हलत नाही. इथं माशी बसली, बैलानं कातडी थरथरवली आणि सातवं फूल दुहेरी उमटलं. मामांनी ते पुसलं नाही. मला तेच सगळ्यांत आवडलं.

मधेमधे बांगडी गेरूत बुडवून गोल उठवले होते. बांगडी मामांच्या घरची रीत. भेंडी आईची, तिचं माहेर उमरखेडकडचं. 1853 नंतर पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं, पलीकडे इंग्रजांच्या कारभारातलं वऱ्हाड. नदीवर दोन सरकारं भिडली, तरी सोयरिकी चालू राहिल्या आणि लेकींबरोबर ठसे आले. सीमेवरूनच आठवलं: छापचित्रकार झरीना हाशमी यांनी 2001 साली ‘डिव्हायडिंग लाइन’ या लाकूडठशात भारत-पाकिस्तानची सीमा एका काळ्या रेषेत छापली. ते चित्र जगभर गाजलं, ते योग्यच. मामांच्या कामाला मात्र कुणी छापचित्र म्हणत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

मी वहीचं पान पुढं केलं. मामांनी भेंडी टेकवली, अलगद उचलली. बैलाच्या केसांत फिसकटणारी कड कागदावर लख्ख आली. चिकट रसाचा एक तंतूसुद्धा उमटला.

“पाऊस आला की बैलावरचं जातंय. तुमचं ऱ्हाईल,” ते म्हणाले. मग पुन्हा मोजू लागले. 11 व्हायला चार बाकी होते.

पोळ्याला या रस्त्यानं जाणार असाल, तर खिचडी खाऊन तसेच निघू नका. आखाड्यापर्यंत जा, आणि एक कोरा कागद जवळ ठेवा.