हजेरी घ्या, सा लावा! बडोद्याच्या गायनशाळेचे किस्से

बडोद्यात सुरसागर तलावासमोर म्युझिक कॉलेज आहे. कागदोपत्री त्याचं नाव भारदस्त: महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स. पण १८८६ मध्ये महाराज सयाजीरावांनी ते सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव साधं होतं, गायनशाळा. विष्णु दिगंबर पलुस्करांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय निघायला अजून पंधरा वर्षं होती!

या शाळेचे पहिले गुरुजी मौलाबक्ष, आणि त्यांच्या शिक्षणाचा किस्सा फार सुंदर आहे. घराण्यात सांगतात तो असा: घसीटखाँ नावाचे थोर गवई कोणालाच शिकवत नसत. मौलाबक्षांनी त्यांच्या दारवानाशी मैत्री केली. रात्री खाँसाहेब रियाजाला बसले, की हा तरुण दारवानाजवळ बसून कान देऊन ऐकायचा आणि दिवसा तेच घरी घोटायचा. एकदा जाता जाता खाँसाहेबांच्या कानावर आपलंच गाणं पडलं! त्यांनी चौकशी केली, सगळा प्रकार उघडकीला आला आणि मौलाबक्षांना गुरू मिळाला. असं दाराआडून शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे एक अख्खी शाळा आली. कुणाचा मुलगा, कोणत्या घराण्यातला, हे न विचारता सा शिकवणारी. मला तर या शाळेच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

मौलाबक्ष म्हैसूरलाही जाऊन आले होते. कर्नाटक संगीत शिकले आणि तिथल्या महाराजांकडून कलगी, शिरपेच, छत्र असे राजेशाही मान घेऊन परतले. बडोद्यात त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, पाठ्यपुस्तकं छापली. तोंडी चालत आलेलं गाणं आता वहीत उतरलं.

त्यांचा एक मुलगा पाश्चात्त्य संगीत शिकायला थेट लंडनला गेला. आणि नातू? मुलीचा मुलगा इनायत खाँ, जन्म १८८२, बडोदा. आजोबांच्या शाळेत वाढला, तरुणपणी तिथेच शिकवलं आणि १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला निघाला. पुढे पाश्चात्त्य जगात सूफी विचार नेणारे हजरत इनायत खान ते हेच. पॅरिसमध्ये त्यांच्या वादकांनी नर्तकी माताहारीच्या नृत्याला साथ केली होती!

माताहारी पुढे हेर म्हणून मारली गेली. योगायोग असा, की इनायत खाँची मुलगी नूरही गुप्त कामगिरीवर गेली. तिने पॅरिसमध्ये संगीताचं शिक्षण घेतलं होतं, हार्प वाजवायची, मुलांसाठी जातककथा लिहायची. जून १९४३ मध्ये ब्रिटनने तिला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये वायरलेस ऑपरेटर म्हणून उतरवलं. तिथे पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळालेली ही नूर, मौलाबक्षांची पणती.

पुन्हा बडोद्यात येऊ. १९१६ मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती याच शहरात. मग आपल्या तरुण शिष्याला, श्रीकृष्ण रातंजनकरांना, त्यांनी बडोद्याच्या दरबारी गवयाकडे शिकायला धाडलं, तेही संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून. गवई होते फैयाज खाँ, आफताब-ए-मौसिकी. ही पदवी म्हैसूर दरबारची, म्हणजे बडोद्याच्या गाण्यावर म्हैसूरची मोहोर दुसऱ्यांदा उमटली! रातंजनकरांनी पुढे लखनौचं मॅरिस कॉलेज नावारूपाला आणलं.

आता दोन आडनावं. गायिका हिराबाई बडोदेकर जन्मल्या मिरजेला. आडनाव आलं ते आई ताराबाई माने यांच्या गावावरून. ताराबाई बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. दरबारातले गवई अब्दुल करीम खाँ आणि त्या, दोघांनी मिळून बडोदं सोडलं, पण लेकीच्या नावात गाव राहिलं.

दुसरं आडनाव याच्या बरोबर उलट. १८८० मध्ये तंजावरच्या मराठी घराण्यातल्या लक्ष्मीबाई सयाजीरावांच्या राणी होऊन आल्या, चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरूही आले. त्यांतल्या कांतिमती आणि नट्टुवनार अप्पास्वामी यांचा मुलगा कुबेरनाथ. बडोद्यात तो ‘तंजोरकर’ झाला, अगदी आपल्या सातारकर-नागपूरकरांसारखा! आणि ज्या शाळेत मौलाबक्षांनी पहिला सा लावून घेतला, तिथेच कुबेरनाथ तंजोरकर गुरुजी बडोद्याच्या मुलींना भरतनाट्यम शिकवत राहिले.