प्रयोगशाळेतील भ्रूणसंगोपन आणि वंध्यत्वचिकित्सेतील यश

ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चार घटकांच्या योगाने गर्भ संभवतो, हा सुश्रुतसंहितेतील विचार आपणा सर्वांस परिचित आहेच. टेस्ट ट्यूब बेबी उपचारात भ्रूणाचे पहिले तीन ते पाच दिवस शरीराबाहेर जातात. तेवढ्या काळापुरते क्षेत्र व अंबु यांचे कार्य प्रयोगशाळेस करावे लागते, असे म्हणता येईल. जळकोटसारख्या तालुक्यातील दांपत्य लातूर वा नांदेडला जाण्यापूर्वी बहुधा आपल्याकडेच येते. म्हणून हा विषय आपणही समजून घेणे अगत्याचे आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा उपचाराने कन्या जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चिकित्सेला परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयोगशाळेची जोड होती. चिकित्सक आणि प्रयोगशाळा या दोहोंवर यश अवलंबून असते, हे तेव्हापासूनच स्पष्ट आहे.

स्त्रीबीज व शुक्राणु यांचा संयोग झाल्यावर भ्रूण इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. तेथील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राखावे लागते. संवर्धनद्रवाची आम्लता योग्य राहावी म्हणून पेटीत सुमारे ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाहेरील हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बीजवाहिनीत तो पुष्कळ कमी असतो. म्हणून अनेक केंद्रांत पेटीतील प्राणवायू ५ टक्क्यांवर ठेवतात. पेटी वारंवार उघडल्यास ही सारी घडी विस्कटते. तिसऱ्या दिवशी भ्रूण साधारणतः सहा ते आठ पेशींचा होतो व पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट अवस्थेस पोहोचतो. या अवस्थेपर्यंत टिकलेल्या भ्रूणांतून निवड करणे सुकर होते. उरलेले भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर जतन करता येतात. त्यामुळे पुढील प्रयत्नासाठी पुन्हा स्त्रीबीजे काढण्याची गरज दरवेळी पडत नाही.

रंग, अत्तर व धूर यांतील बाष्पे भ्रूणास अपायकारक ठरू शकतात. यास्तव प्रयोगशाळेची हवा गाळून घेतात आणि स्त्रीबीज काढण्याच्या व भ्रूणरोपणाच्या दिवशी सुगंधी द्रव्ये लावून येऊ नये, असे अनेक केंद्रे सांगतात. सुगंधी तेल वापरणाऱ्या रुग्णांस आपणही हे सांगावे.

मात्र उत्तम प्रयोगशाळा बीजाचे असलेले सामर्थ्य केवळ राखते. वयाने क्षीण झालेले बीज ती तरुण करू शकत नाही. पस्तिशीनंतर स्त्रीबीजाची गुणवत्ता झपाट्याने घटते. अशा दांपत्यास वर्षानुवर्षे औषधांवर थांबवून ठेवल्यास जो काळ जातो, तो कोणत्याही इन्क्युबेटरने परत मिळत नाही. पतीची वीर्यतपासणीही आरंभीच करवून घ्यावी. औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे की, टेस्टोस्टेरॉनची औषधे शक्तीसाठी घेतल्यास शुक्राणूंची निर्मिती मंदावते वा थांबतेही.

रुग्णास पाठविताना चालू असलेल्या सर्व कल्पांची लेखी यादी सोबत द्यावी. २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी आहे काय, हे पाहण्यास सांगावे. यशाची टक्केवारी सांगितली गेल्यास ती गर्भधारणेची की जिवंत जन्माची, आणि कोणत्या वयोगटाची, हे विचारावयास शिकवावे. शेत वा दागिने विकून उपचार घेणाऱ्या कुटुंबास योग्य वेळी दिलेला प्रामाणिक सल्ला हीदेखील चिकित्साच होय.