लक्ष्मीची साडी नीट बघा!

जुन्या वाड्याच्या देवघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती दिसली, तर तिच्या साडीकडे जवळून बघा. कधी कधी ती साडी नुसती छापलेली नसते, वर खरं कापड, जर, टिकल्या, मणी लावलेले असतात! छापील चित्र आणायचं आणि हौसेने सजवायचं, अशी तेव्हाची रीत. मला मूळ तैलचित्रांपेक्षाही या सजवलेल्या प्रती मोलाच्या वाटतात, कारण त्यांत घेणाऱ्याचा हातही दिसतो.

रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई दगडावरची: चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर उलटं चित्र, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. सगळे रंग एकावर एक अचूक बसले पाहिजेत. शेवटी व्हार्निशचा हात दिला की कागदावर तैलरंगाची चकाकी येते. हेच ते ओलिओग्राफ.

नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने छापखाना विकत घेतला. या देवता मग कॅलेंडरांवर, काडेपेट्यांवर, जाहिरातींवरही पोचल्या. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाआधी या छापखान्यासाठी काम केलं होतं.

तुमच्या घरी असं चित्र असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात टांगू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. फोटो मात्र जरूर टाका!