मन आणि मस्टर : लेखांक सातवा — गाऱ्हाण्याची दोन अंगे

पगारवाढ हाती पडल्यानंतरही जी कुरकुर शिल्लक राहते तिचे मूळ कोठे शोधावे, या प्रश्नापाशी मागील लेखांकात आपण थांबलो होतो. त्याचा शोध फार मोठ्या प्रमाणावर ज्या ठिकाणी घेतला गेला ते ठिकाण म्हणजे अमेरिकेत शिकागोलगत सिसेरो येथे पूर्वी असलेला, टेलिफोनची यंत्रसामग्री घडविणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना. दिव्यांच्या प्रकाशाचा कामावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी १९२४ साली तेथे प्रयोग सुरू झाले. पुढे १९२७ मध्ये पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवून, त्यांनी जुळविलेला, टेलिफोनच्या यंत्रणेतील रिले नावाचा प्रत्येक भाग पन्हळीतून खाली घसरला की कागदाच्या पट्टीवर एक छिद्र उमटावे, अशी चोख व्यवस्था करण्यात आली. या खोलीची हकीकत अनेकांनी सांगितली आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते तिच्या पाठोपाठ सुरू झालेले मुलाखतींचे काम.

सप्टेंबर १९२८ पासून १९३० पर्यंत सुमारे २१,००० कामगारांशी एकेकट्याने बोलण्यात आले. आरंभी मुलाखतकारांजवळ ठरीव प्रश्न असत : वरिष्ठ कसे वागवितात, जागा कशी आहे, काम आवडते काय. परंतु माणसे प्रश्न सोडून घरच्या आजारपणाविषयी, कर्जाविषयी, कोणा सहकाऱ्याने केलेल्या पाणउताऱ्याविषयी बोलू लागत, आणि मुलाखतकार त्यांना पुनःपुन्हा प्रश्नावर ओढून आणी. १९२९ च्या मध्यास ही ओढाताण सोडून देण्यात आली. सांगणाऱ्याने हवे ते सांगावे, ऐकणाऱ्याने मध्ये बोलू नये, उपदेश तर मुळीच करू नये, असा दंडक ठरला. त्यासरशी अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली.

त्यातून जे हाती आले ते विलक्षण होते. उपाहारगृहातील जेवणाविषयी कडकडून तक्रार केलेल्या एका बाईने काही दिवसांनी येऊन, जेवण सुधारल्याबद्दल मुलाखतकाराचे आभार मानले. वास्तविक जेवणात काडीचाही बदल झालेला नव्हता. दुसऱ्या एका स्त्रीला बोलता बोलता आपले आपणच उमगले की, ज्या वरिष्ठाचा आपल्याला इतका तिटकारा वाटतो त्याच्यात आपल्याला आपल्या नावडत्या सावत्र बापाचा भास होतो.

या सामग्रीची छाननी करणाऱ्या रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात तक्रारींची जी प्रतवारी लावली ती आजही उपयोगी पडते. यंत्र बिघडले आहे, ही तक्रार कोणासही जाऊन पडताळता येते. खोलीत फार उकडते, ही माणसागणिक बदलते. आणि साहेब पक्षपात करतात, हिचा अर्थ सांगणाराची बढती, त्याचा पूर्वानुभव, त्याच्या मनातील न्यायाची कल्पना हे सारे जाणल्यावाचून लागतच नाही. अशा गाऱ्हाण्याला दोन अंगे असतात : एक अर्जात लिहिलेले, दुसरे अर्जदाराच्या मनात राहिलेले.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, एका कचेरीत, एक वयस्क कारकून दर महिन्यास न चुकता एकच अर्ज देत असत : खिडकी बंद असल्याने उजेड पुरत नाही, सबब टेबल हलविण्याची परवानगी मिळावी. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेला, आणि प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने तोच शेरा : ‘पाहिले. दप्तरी दाखल.’ नव्याने रुजू झालेल्या साहेबांनी एके दिवशी त्यांना समोर बसवून तासभर ऐकून घेतले, तेव्हा कळले की पूर्वी त्यांचे टेबल साहेबांच्या दाराशी असे, आणि ती जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका तरुणास न विचारता, न कळविता देण्यात आली होती. त्यानंतर त्यांचा अर्ज कधी आला नाही.

येथवर वाचणारास वाटेल की ऐकून घेणे हाच सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे, आणि तसे वाटून घेण्यातच मला मोठा धोका दिसतो. कारण माणसाची प्रत्येक फिर्याद हे त्याच्या मनाचेच काही तरी आहे, असे एकदा ठरविले की दर कमी आहे, हवा कोंदट आहे, ही सरळ पडताळून पाहण्यासारखी गाऱ्हाणीही भावनेच्या खात्यात जमा होतात व मालकाची जबाबदारी परस्पर मिटते. हॉथॉर्नमध्ये १९३६ पासून सल्लागार नेमण्यात आले. कामगारांचे त्यांनी मन लावून ऐकावे, पण कामाच्या व्यवस्थेत काही फिरविण्याचा अधिकार मात्र त्यांना नसावा, अशी ती योजना होती. दुःख ऐकणारा एक आणि ते दूर करू शकणारा दुसरा, अशी ही वाटणी मला मान्य होत नाही. ऐकणाऱ्याच्या हाती निदान खिडकी उघडण्याइतका तरी अख्त्यार असलाच पाहिजे.

आमच्या त्या कारकुनांचे अर्ज थांबले, साहेबांना समाधान वाटले, कचेरीत त्यांची वाहवाही झाली. परंतु उजेड खरोखरच कमी होता. निवृत्तीच्या वर्षी ते लेखणी नाकाजवळ नेऊन लिहीत, बेरीज करताना बोटाने ओळ धरून ठेवीत, आणि खिडकीची फळी खिळे मारलेली तशीच होती.