वेगवान चकतीची निवड आणि कर्जत-खालापूरची हवा

डिस्क गोल्फमध्ये प्लॅस्टिकची चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत पोहोचवावयाची असते. लांब पल्ला व अचूक दिशा यांसाठी अनुभवी खेळाडू ‘कंट्रोल ड्रायव्हर’ वापरतात. तिचे वेग, तरंग, आरंभीचे वळण व अखेरचा कल हे गुण चार अंकांनी दर्शवितात. ‘फायरबर्ड’चे अंक ९, ३, ०, ४ असून ‘थंडरबर्ड’चे ९, ५, ०, २ आहेत. हे अंक चकतीचे अंगभूत धर्म मानले जातात. वस्तुतः त्यांत हवेचाही वाटा असतो.

उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत चकती, वरून पाहता, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग अधिक असता दाबकेंद्र मध्याच्या मागे राहते व चकतीचे नाक खाली दाबले जाते. परंतु फिरत्या भोवऱ्याप्रमाणे हा कल पुढे न जाता बाजूस, म्हणजे उजवीकडे, प्रकट होतो. वेग ओसरताच दाबकेंद्र पुढे सरकते आणि चकती डावीकडे झुकते. येथे विचारात घ्यावयाचा वेग जमिनीच्या नव्हे, हवेच्या सापेक्ष होय. खालापूरच्या मोकळ्या माळावर पावसाळी नैर्ऋत्य वारा समोरून आल्यास थंडरबर्डही उजवीकडे वळू शकते. तेथे फायरबर्डच इष्ट.

कर्जत तालुक्यातील माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा पायथ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. आरंभीचे वळण घटून चकती लवकर डावीकडे जाते. म्हणून तेथे सहज वळणारी चकती घ्यावी. (तेथील दाट झाडीत लांब फेकीस वाव थोडाच!)

वजन वाढवून वाऱ्यावर मात करण्यास नियमाची मर्यादा आहे : व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम. २१.२ सेंटिमीटर व्यासाची चकती त्यामुळे १७६ ग्रॅमच्या पुढे जाऊ शकत नाही.