विशेषाधिकार खात्यांची राखण : बाजारपेठ कोणत्या दिशेने वाढणार?

लेखांक सातवा

बँकेच्या संगणक-प्रणालीत वापरकर्त्यांची खाती दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारच्या खात्यातून कारकून भरणा नोंदवतो, रोखपाल रक्कम अदा करतो आणि शाखाधिकारी मंजुरी देतो. दुसऱ्या प्रकारच्या खात्यातून मात्र ही सारी खाती निर्माण करता येतात, बंद करता येतात, त्यांच्या मर्यादा बदलता येतात, आणि पुरेशी दक्षता नसेल तर केलेल्या फेरफाराची नोंदही पुसता येते. या दुसऱ्या प्रकाराला विशेषाधिकार खाते, बोलीत ‘ॲडमिन’ खाते, म्हणतात. अशा खात्यांचे पासवर्ड कूटबद्ध कोठारात ठेवणे, प्रत्येक वापरानंतर ते आपोआप बदलणे, कामापुरताच व ठरावीक वेळेपुरताच प्रवेश देणे आणि त्या वेळात पडद्यावर जे जे घडले त्याचे चित्रमुद्रण जपणे, या व्यवस्थेला ‘प्रिव्हिलेज्ड ॲक्सेस मॅनेजमेंट’, संक्षेपाने ‘पॅम’, असे नाव आहे.

या क्षेत्रातील अग्रेसर कंपनी सायबरआर्क १९९९ मध्ये इस्राएलमध्ये स्थापन झाली, आणि २०२५ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सने तिच्या खरेदीसाठी सुमारे २५ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला, यावरून या व्यवसायाचे मोल कळते. मुंबईच्या आरकॉन व सेक्टोना या कंपन्या, तसेच चेन्नईची झोहो, याच बाजारपेठेत आहेत. तथापि मोठ्या व्यापारी बँका या प्रणालीच्या जुन्या ग्राहक आहेत. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकातच विशेषाधिकार खात्यांचे नियमन, नोंद आणि देखरेख त्यांच्यावर सोपवली होती. पुढील वाढ शोधायची ती त्याखालच्या थरात, आणि त्यासाठी सांगली जिल्ह्यातील शिराळ्यासारखा तालुका मुंबईच्या नरिमन पॉइंटपेक्षा अधिक उपयोगी आहे.

वारणा-मोरणेच्या खोऱ्यातील या तालुक्याचा अर्थव्यवहार सहकारावर उभा आहे: जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखा, नागरी बँका, पतसंस्था आणि गावोगावच्या विकास सोसायट्या. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून गटसचिवाची खतावणीही संगणकावर जाऊ लागली आहे. खतावणी कुलपात होती तोवर तिच्यात खाडाखोड करणाऱ्याला कार्यालयात यावे लागे. आता त्यासाठी गावात येण्याचीही गरज उरलेली नाही.

याचा महागडा धडा महाराष्ट्रातील सहकारालाच मिळाला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेत, एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे ‘स्विच’ला, बगल देऊन एक बनावट यंत्रणा उभी करण्यात आली, तिनेच मंजुऱ्या दिल्या, आणि २८ देशांतील एटीएममधून काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये निघाले, १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय संदेशप्रणाली ‘स्विफ्ट’मार्फत आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. कारकुनाच्या साध्या खात्यातून घडणारे हे काम नव्हे. असा फेरफार सर्व्हरवरील वरिष्ठ अधिकारांशिवाय होत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये मूलभूत आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची सविस्तर सायबर सुरक्षा चौकट आणली, ज्यात बँकेच्या डिजिटल सेवा जितक्या अधिक, तितक्या अटी कडक ठरतात.

खरी अडचण मात्र बँकेच्या भिंतीबाहेर आहे. लहान बँकेचे सॉफ्टवेअर बाहेरची कंपनी सांभाळते, आणि बिघाड झाला की तिचा अभियंता पुण्याहून किंवा कोल्हापुरातून दूरस्थ जोडणीने थेट सर्व्हरवर येतो. त्याने नेमके काय केले हे बँकेतील कोणालाही सांगता येत नाही, आणि तो नोकरी सोडून गेल्यावर त्याला ठाऊक असलेला पासवर्ड बदलला जातोच असे नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने ती कंपनी आपल्या जाळ्यापासून तात्पुरती अलग केली आणि सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. ग्राहकांनी त्या कंपनीचे नावही तोवर ऐकलेले नव्हते. पुरवठादाराच्या प्रवेशावर पहारा ठेवणारी प्रणाली ही म्हणूनच या बाजारातील सर्वांत निकडीची वस्तू आहे.

पंचतारांकित बँकेसाठी घडवलेले आणि तिलाच परवडणारे सॉफ्टवेअर चार शाखांच्या बँकेला विकून हा विस्तार साधणार नाही. तसे झाले तर तपासणीपुरती खरेदी होईल, आणि पासवर्ड पूर्वीप्रमाणे टेबलाच्या काचेखाली राहील. अनेक संस्थांसाठी एकच सामायिक सेवा, मासिक शुल्क आणि मराठी पडदा ही येथील गरज आहे. मार्च २०२४ मध्ये कार्यारंभ झालेली नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था, राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ, अशी सामायिक सेवा देण्यास सर्वांत योग्य जागी आहे. सहकारी बँकेला ही कल्पना नवी वाटण्याचेही कारण नाही, कारण तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवण्याची दुहेरी ताब्याची शिस्त तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. पॅम तीच शिस्त सर्व्हरला लावते.

पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असल्याने रिझर्व्ह बँकेची बँकांसाठीची चौकट त्यांना लागू नाही. तेथे मागणी निर्माण करील तो डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३. वाजवी सुरक्षा न राखल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ही व्यवस्था चालवण्यासाठी मनुष्यबळाची वाण नाही: राजारामनगरचे राजारामबापू तंत्रशास्त्र संस्थान १९८३ पासून आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून अभियंते घडवीत आहेत, मात्र त्यांतील बहुतेकांची वाट पुण्याकडे जाते. येथे विचार केला तो माणसे वापरतात त्या खात्यांचा; एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी वापरायच्या यंत्रखात्यांचा विषय मोठा आहे. त्याचा विचार पुढील लेखांकात होईल.

दरम्यान, ज्या सभासदांच्या ठेवी अशा संस्थांत आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर एवढे विचारावे: संस्थेचे ॲडमिन खाते कोणाकोणाच्या हाती आहे, आणि त्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला?